कॅमेरा लावला की भाषण सुरू : कोल्हापुरात पहिला माहितीपट करणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात माहितीपटाला विषयांची टंचाई नाही. अडचण वेगळीच आहे. इथं माणूस कॅमेऱ्यासमोर बसला की बोलायचं सोडून भाषण करतो. टपरीवर चहा पिताना "त्या दिवशी काय झालतं माहिताय का" म्हणून अंगावर काटा आणणारी हकिकत सांगणारा माणूस कॉलरला माइक लागला की घसा खाकरतो, पाठ ताठ करतो आणि "राजर्षी शाहू महाराजांच्या या पुरोगामी नगरीत..." अशी सुरुवात करतो. पहिल्या फिल्मसाठी मी अशा अकरा मुलाखती घेतल्या होत्या. एडिटिंगला बसलो तेव्हा त्यातली दीड कामाला आली.

बाकीच्या साडेनऊ मुलाखतींनी जे शिकवलं ते इथं सांगतोय. इतिहास, न्याय, समाजातले प्रश्न अशा विषयांवर पहिल्यांदा काही करू बघणाऱ्यांसाठी. कुठला कॅमेरा घ्यावा हे यात सापडणार नाही. बरा मोबाइल असेल तर तो पुरे. बाबूराव पेंटरांनी याच गावात शंभर वर्षांपूर्वी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढून कर्जात जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आणला. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. तिथून जाताना 'माझ्याकडं चांगला कॅमेरा नाही' असं म्हणायला जरा लाजच वाटते.

पहिलं काम : विषयाला चाळण लावा

'शाहू महाराजांचं कार्य' हा माहितीपटाचा विषय नाही, जयंतीच्या भाषणाचा आहे. 'महापूर' हाही विषय नाही. विषय तेव्हा होतो जेव्हा त्यात एक प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर तुम्हाला अजून माहीत नसतं. उत्तर आधीच ठरलेलं असेल तर फिल्मभर तुम्ही फक्त साक्षीदार गोळा करत फिरता.

एक उदाहरण घ्या. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. देशभर बातमी झाली, त्याच महिन्यात राज्य सरकारनंही इतर ग्रामपंचायतींनी हा कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. बातमी इथं संपते. फिल्म इथून सुरू होते. ठरावानंतर ज्या घरात कुणी गेलं, त्या घरात दुसऱ्या दिवशी काय घडलं? पुढच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाला बोलावणं गेलं? बोलावणं गेलं तर ती बाई गेली का? आणि हेरवाडबाहेर, ज्या गावांनी नुसता ठराव घेतला आणि फाइलला लावला, तिथं काय?

किंवा उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच घ्या. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी आणि पक्षकारांनी चाळीसहून जास्त वर्षं मागणी लावून धरली, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. सत्कार, फेटे, हलगी हे सगळं टीव्हीवर दाखवून झालं. माझ्या डोळ्यासमोर मात्र सावंतवाडीकडचा एखादा म्हातारा पक्षकार येतो, जो तारखेसाठी रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठत होता. त्याच्या पिशवीत काय असायचं, तो उतरायचा कुठं, तारीख पुढं गेली की दिवसभर करायचा काय? आता तो आंबोलीचा घाट चढून कोल्हापूरला येतो. त्या दोन प्रवासांतच अख्खी फिल्म आहे.

चाळण लावायची माझी पद्धत साधी. प्रश्न एका वाक्यात वहीत लिहायचा आणि गल्लीतल्या माणसाला सांगायचा. त्यानं "हां, चांगलं काम करालाइस" म्हटलं की विषय अजून भाषणातच आहे. "मग? पुढं काय झालं?" असं विचारलं की कामाला लागायचं.

दुसरं काम : कागद

नवखी मुलं इथंच उडी मारतात आणि थेट शूटिंगला निघतात. माझा आग्रह असा की कॅमेरा बॅगेबाहेर काढायच्या आधी निदान तीन आठवडे कागदांत घालवा. कारण भाषणाला उतारा एकच, तपशील. आणि तपशील कागदात असतो.

शाहू महाराजांचा आरक्षणाचा जाहीरनामाच बघा. २६ जुलै १९०२. पन्नास टक्के जागा. हे कोल्हापुरात शाळेतलं पोरही सांगेल. पण मूळ मजकूर वाचला तर आणखी काही दिसतं. महाराज तेव्हा इंग्लंडमध्ये होते. हुकूम असा की रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांतून भराव्यात, आणि ज्या खात्यात त्यांचं प्रमाण निम्म्याहून कमी आहे तिथं पुढची नेमणूक त्यांच्यातल्या माणसाचीच करावी. आणि शेवटी, खातेप्रमुखांनी झालेल्या नेमणुकांचा तिमाही तक्ता पाठवावा. भाषणात कुणी कधी या तक्त्याचं नाव घेत नाही. मी मात्र तिथंच अडकलो. हुकूम काढणाऱ्याला माहीत होतं की हुकूम मुरवला जातो, म्हणून त्यानं दर तीन महिन्यांनी हिशेब मागितला. मग ते तक्ते आले का? कुठल्या खात्यानं वेळेवर पाठवले, कुणी टाळाटाळ केली? हा प्रश्न घेऊन बसलात तर महाराजांच्या पुतळ्याचा एकही शॉट न घेता महाराजांवरची फिल्म होऊ शकते.

कागद कुठं शोधायचे? कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं, ही तारीख पक्की लक्षात ठेवा. त्याआधीचा कारभार संस्थानच्या दप्तरात, नंतरचा सरकारी खात्यांकडं. संस्थानकाळासाठी पुराभिलेख खात्याच्या कोल्हापुरातल्या कार्यालयात अर्ज करा. जाताना ओळखपत्र न्या आणि विषय नेमका लिहा. 'शाहूकालीन कागद' असं मोघम लिहिलं तर तुमच्यापुढं काय ठेवावं हे कर्मचाऱ्यांनाही कळत नाही. जुनी कागदपत्रं कापडात बांधलेली असतात, त्याला रुमाल म्हणतात. त्यातला बराच मजकूर मोडीत. मोडी स्वतः शिकलात तर उत्तम, नाहीतर मोडी वाचणाऱ्या जाणकाराचे पैसे बजेटमध्ये धरा. 'समाजकार्य आहे, फुकट करून द्या' असं म्हणू नका. फोटो काढायची परवानगी आधी विचारा, आणि प्रत्येक फोटोबरोबर रुमालाचा क्रमांक वहीत उतरवा. मी एकदा तो उतरवला नाही. एका कागदापायी पुन्हा दोन दिवस बसावं लागलं.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचं आहे. जुनी पुस्तकं आणि नियतकालिकं तिथं आणि शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयात बघा. वर्तमानपत्रांचे जुने अंक वाचताना बातमीबरोबर जाहिरातीही वाचा. त्या काळी माणसं काय विकत घेत होती, कशाला घाबरत होती ते जाहिरातीत आधी दिसतं.

अलीकडचा विषय असेल तर माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. गोम अशी की 'असं का झालं' हे विचारू नका. कारणं देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या पंचनाम्यांच्या प्रती' असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं तर पहिलं अपील करा. बऱ्याचदा अपिलाचा कागद पोचल्यावर फाइल सापडते.

एकाच कागदावर विसंबू नका. महाराजांची जन्मतारीख जुन्या पुस्तकांत २६ जुलै १८७४ अशीही छापलेली सापडते. आज सरकार त्यांची जयंती म्हणून २६ जूनला सामाजिक न्याय दिन पाळतं. आणि आरक्षणाचा हुकूम २६ जुलैचा. दोन्ही सव्वीस तारखा डोक्यात एकमेकींत मिसळतात आणि निवेदनात चूक होते. गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलची गोष्टही तशीच. पाण्याला शिवले म्हणून मार खाल्लेल्या माणसाला महाराजांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथं चहा घेतला, हा गाभा सगळीकडं एकच. पण चारजणांना विचारा, प्रत्येकजण आपापलं मीठ घालून सांगेल. ऐकायला सगळंच गोड लागतं. फिल्ममध्ये घेताना कुठलं वाक्य कागदावर उभं आहे आणि कुठलं आठवणीवर, हे प्रेक्षकाला कळू द्या.

तिसरं काम : गावात जा, मोकळ्या हातानं

पहिल्या भेटीला कॅमेरा न्यायचा नाही. दुसऱ्या भेटीलाही नाही नेला तर आणखी बरं.

पुस्तकांत न लिहिलेली एक गोष्ट. तुम्ही गावात पहिला चहा कुणाच्या घरी पिता याकडं सगळं गाव बघत असतं. सरपंचाच्या गाडीतून उतरलात, त्याच्याच सोप्यात बसलात, आणि मग त्याच्याच पोराला घेऊन दलित वस्तीत गेलात, तर तिथली माणसं तुम्हाला खोटं सांगणार नाहीत. ती फक्त थोडंच सांगतील. मी आता एसटीनं जातो. स्टँडवर उतरून शाळेत, नाहीतर वाचनालयात डोकावतो. हळूहळू कुणीतरी "कुठलं पावणं?" असं विचारतंच. ओळख तिथून सुरू झाली की तुमच्या पाठीवर कुणाच्या घराचा शिक्का बसत नाही.

या भेटींत विचारायचं थोडं, ऐकायचं फार. वहीत तीन गोष्टी टिपा. कोण कुणाच्या समोर बोलत नाही. कुठल्या प्रश्नावर बाई आत निघून जाते. आणि दिवसाच्या कुठल्या वेळी घरात शांतता असते. तिसऱ्या गोष्टीचं महत्त्व तुम्हाला आवाजाच्या दिवशी कळेल.

चौथं काम : मुलाखत, म्हणजे भाषणाचा टोल

भाषण टाळता येत नाही. त्याला टोल समजा. टोलविरुद्ध आंदोलन केलेल्या कोल्हापूरकराला टोल भरायला सांगणं धोक्याचं आहे हे मला माहीत आहे, पण हा भरायला लागतो. पहिली दहा-पंधरा मिनिटं समोरचा माणूस जे ठरवून आलाय ते त्याला बोलू द्या. मध्ये तोडू नका, चेहऱ्यावर कंटाळा दाखवू नका. ते त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं असतं, आणि ते बोलून मोकळा झाल्याशिवाय तो तुमचं ऐकणारही नाही. त्याचं संपलं की पाणी मागा. मग पहिला खरा प्रश्न.

खरा प्रश्न कसा असतो ते एका आजींनी मला शिकवलं. पंचगंगेकाठचं गाव, २०१९ च्या महापुरात घर छपरापर्यंत बुडालेलं. पहिल्या खेपेला मी विचारलं, "आजी, पूर आला तेव्हा कसं वाटलं?" त्यांनी उत्तर दिलं, "लई हाल झालं बगा. समदं व्हावून गेलं. कोण इचारीत न्हाई." हीच तीन वाक्यं त्यांनी आधी येऊन गेलेल्या प्रत्येक चॅनेलला सांगितली होती. त्यांचा दोष नाही. मोघम प्रश्नाला मोघमच उत्तर मिळणार.

दुसऱ्या खेपेला मी नुसताच गेलो. त्या दारात शेंगा फोडत बसल्या होत्या, मीही दोन मुठी घेतल्या. बोलता बोलता विचारलं, "पाणी आत आलं तेव्हा तुमच्या हातात काय होतं?"

त्या थांबल्या. शेंग तशीच बोटांत.

"काटवट," म्हणाल्या. म्हणजे पीठ मळायची लाकडी परात. "भाकरी थापत हुतो मी. पोरगा वरडला, आई चल, नाव आलीया. तशीच काटवट घिऊन बसलो नावंत. पीठ हाताला वाळत आलं. भोवतीनं एवडं पाणी, आन् हात धुवायचं सुचलं न्हाई बग."

माझ्या बॅगेत कॅमेरा नव्हता. तिसऱ्या खेपेला तो घेऊन गेलो, तेच विचारलं, आणि त्यांनी तेच सांगितलं. पण पहिल्या वेळची ती थांबलेली शेंग परत आली नाही. ती गेली ती गेली. मात्र या वेळी त्या उठून आत गेल्या आणि ती काटवट घेऊन आल्या. कड तडकलेली, पण तीच. मी त्यांच्या हातांचा आणि काटवटीचा शॉट घेतला. फिल्ममध्ये पुराच्या पाण्याचं एकही दृश्य नसतं तरी चाललं असतं.

तेव्हापासून 'कसं वाटलं' हा प्रश्न मी वहीतून खोडला. विचारायचं ते हातातली वस्तू, उभं राहिल्याची जागा, वेळ, शेजारी कोण होतं, त्या दिवशी काय शिजवलं होतं. आकडे तुम्हाला कागदावर मिळतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी, हे आजींना विचारायची गरज नाही. पण ४३ फुटांना त्यांच्या घरात पाणी कुठल्या पायरीवर असतं, हे आजींशिवाय कुणाला माहीत नाही.

बारीकसारीक दोन-चार गोष्टी. माणसाला खुर्चीत बसवू नका, त्याच्या कामाच्या जागी बोला. चप्पल शिवणाऱ्याचे हात चालू असले की जीभ सैल होते. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मनात दहा आकडे मोजा. सहाव्या-सातव्या आकड्याला माणूस पुन्हा बोलू लागतो, आणि ते बोलणं ठरवून आणलेलं नसतं. 'झालं, धन्यवाद' म्हटल्यावरही माणसं फार छान बोलतात. ते रेकॉर्ड करायचं असेल तर आधीच सांगा, "मामा, मी म्हणेपर्यंत हे चालूच राहणार हं." चोरून घेतलेलं वाक्य कितीही भारी असलं तरी वापरू नका.

शक्यतो ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचंही म्हणणं घ्या. कारखान्याचा संचालक असो, तलाठी असो, उसाचा मुकादम असो. त्यानं नकार दिला तर तारखेसकट नोंद ठेवा आणि फिल्ममध्ये तसं सांगा.

आवाज

प्रेक्षक हलतं चित्र सोसतो, खराब आवाज सोसत नाही. पहिले पैसे कॉलर माइकवर घाला. मुलाखतीआधी पंखा, मिक्सर, टीव्ही, फ्रीज बंद. एका घरात मी फ्रीज बंद केला आणि मुलाखत संपल्यावर तसाच निघून आलो. दुसऱ्या दिवशी रविवार, आत दोन किलो मटण मुरत ठेवलेलं. सकाळी जो फोन आला तो इथं लिहिण्याजोगा नाही. तेव्हापासून मी फ्रीज बंद केला की माझ्या गाडीची किल्ली त्याच्यावर ठेवतो. किल्लीशिवाय निघता येत नाही.

प्रत्येक खोलीतली रिकामी शांतता अर्धा-एक मिनिट वेगळी रेकॉर्ड करा. कट जोडताना ती लागते. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं मोबाइल २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटच्या उजेडात चित्र लपलपतं.

पाचवं काम : परवानगी, संमती, कायदा

कंटाळवाणं वाटेल, पण इथली चूक तुम्हाला नाही, समोरच्या माणसाला महागात पडते.

संमती लेखी घ्या, मराठीत, सोप्या वाक्यांत. फिल्म कुठं कुठं दाखवली जाईल ते वाचून दाखवा. यूट्यूबवर टाकणार असाल तर 'भावकीतले सगळे बघतील' हे त्याच शब्दांत सांगा. वाचता न येणाऱ्यांची संमती कॅमेऱ्यावर घ्या. आणि विचार बदलायला त्यांना मुदत द्या. मी फिल्म पूर्ण होईपर्यंतची देतो.

लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. बालकांच्या बाबतीत पॉक्सो आणि बाल न्याय कायद्यातही तशीच तरतूद आहे. चेहरा धूसर केला की काम झालं असं समजू नका. गाव माणसाला आवाजावरून, दाराच्या रंगावरून, मनगटावरच्या गोंदणावरून ओळखतं. तुमची फिल्म गावाबाहेरच्या कुणाला दाखवून उपयोग नाही. त्या गावच्या माणसानं बघितली तर ओळखेल का, हे तपासा.

खटला चालू असेल तर 'आरोपी' हाच शब्द. कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या, चार दिवसांनी ते गेले. अशा प्रकरणात संताप खरा असतो, पण निवेदकानं निकाल देऊन टाकला की फिल्मही अडचणीत येते आणि न्याय मागणारी माणसंही. कोर्टाच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. कोर्टाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर बसा. पक्षकार तिथंच भेटतात.

अंबाबाईच्या देवळात देवस्थान समितीची परवानगी लागते. पन्हाळ्यावर केंद्रीय पुरातत्त्व खात्याची. जुलै २०२५ मध्ये पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून तिथं चौकशी आधी, बॅग मागाहून. ड्रोनसाठी २०२१ ची नियमावली वाचा. उजळाईवाडीचा विमानतळ जवळ असल्यानं उडवण्याआधी सरकारी नकाशात तुमची जागा कुठल्या रंगात येते ते बघावंच लागतं. खरं सांगू? पहिल्या फिल्मला ड्रोन नकोच. वरून सगळीच गावं छान दिसतात, तीच अडचण आहे.

जुने फोटो वापरताना हे लक्षात ठेवा की २०१२ च्या दुरुस्तीनंतर भारतीय कायद्यात छायाचित्राचा हक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. सिनेमाचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षं. घरगुती अल्बममधला फोटो असेल तर घरच्यांकडून लिहून घ्या आणि त्यांच्या घरीच मोबाइलवर नीट कॉपी करा. अल्बम उचलून आणू नका. आणि एआयनं बनवलेले हलते-बोलते महाराज अजिबात नकोत. एकदा खोटा फोटो घातलात की पुढचा खरा कागदही लोकांना खोटा वाटतो.

सहावं काम : जपणूक आणि जोडणी

गांधीहत्येनंतर १९४८ मध्ये झालेल्या जाळपोळीत भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ जळाला. त्यात चित्रपटही गेले. तेव्हा दुसरी प्रत ठेवणं परवडणारं नव्हतं. आज दोन हार्ड डिस्क परवडतात. रोजचं शूटिंग त्याच रात्री दोन ठिकाणी उतरवा आणि एक डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा. पुराचा इतिहास असलेल्या पेठेत राहत असाल तर वरच्या मजल्यावर.

मग सगळ्या मुलाखती शब्दन् शब्द कागदावर उतरवा, वेळेच्या आकड्यांसह. वेळखाऊ आहे, पण याला तोड नाही. वाचताना दोन रंगांची पेनं घ्या. भाषण असेल तिथं लाल रेघ, हकिकत असेल तिथं निळी. माझ्या पंचवीस मिनिटांच्या फिल्मला वीस तासांचं शूटिंग होतं. निळ्या रेघांची एकूण लांबी चाळीस मिनिटं भरली.

उतरवून घ्यायचं काम एकदा मी बाहेरच्या शहरातल्या एका मुलाला दिलं होतं. मुलगा हुशार, टायपिंग स्वच्छ. त्यानं आजींचं 'भाकरी थापत हुतो मी' हे सगळीकडं 'भाकरी थापत होते मी' असं करून पाठवलं. त्याला वाटलं, आजी चुकल्या. आमच्याकडं बाई 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणते, हे त्याला कोण सांगणार? सबटायटल मराठीत देणार असाल तर माणूस जसा बोलला तसंच लिहा. बोली शुद्ध केली की माणूस परका होतो.

निवेदन कमीत कमी ठेवा. मी पहिला कट नेहमी निवेदनाशिवाय करतो आणि जिथं बघणाऱ्याला खरंच कळत नाही तिथंच एखादं वाक्य घालतो. करुण बासरी घालायचा मोह होईल. आजींच्या काटवटीखाली मीही घातली होती, मित्रानं बघून विचारलं, "हे कुणी मेलंय का?" काढून टाकली.

सातवं काम : दाखवणं

थिएटरमध्ये लावायची असेल तर १९५२ च्या कायद्यानुसार सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवांची पद्धत वेगळी असते, प्रत्येकाच्या अटी वाचा. मुंबईचा मिफ हा माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे, तिथं निदान बघायला तरी जा. कोल्हापुरात दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात चांगला सिनेमा बघणारी मंडळी जमतात. फिल्म सोसायटीच्या खेळांना नियमित हजेरी लावत गेलात तर तुमची फिल्म दाखवायची वेळ येईल तेव्हा ओळख काढत फिरावं लागत नाही.

पण पहिला खेळ ज्यांची फिल्म आहे त्यांच्या गावात. शाळेच्या भिंतीवर पांढरी चादर, भाड्याचा प्रोजेक्टर, आणि स्पीकर मात्र चांगला. एक्स्टेन्शन बोर्ड दोन न्या, एक गावात गेल्यावर चालत नाही असा माझा अनुभव आहे. ऊस तोडीचा हंगाम, यात्रा आणि क्रिकेटची मॅच टाळून तारीख काढा. खेळाआधी सरपंचाचं मनोगत होणार, ते होऊ द्या, तोही टोलच.

आमच्या खेळाला आजी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. काटवटीचा शॉट आला तशी शेजारची बाई मोठ्यानं म्हणाली, "आगं, ही माझीच काटवट. ह्या बयेनं परत दिलीच न्हाई." सगळी शाळा हसली. मी तीन खेपा गेलो होतो, आणि ही गोष्ट मला कुणीच सांगितली नव्हती.

खेळानंतर मुलाखत दिलेल्या प्रत्येक घरी पेन ड्राइव्हवर प्रत द्या. फाइल साधी एमपी-फोर करा आणि त्यांच्या टीव्हीला लावून, चालते का ते तिथंच बघून या. जुन्या टीव्हीला बाकी काही कळत नाही.